मेण राहून गेलेली जागा

तूरे आला तेव्हा रायफल टॉवेलात होती,
आजारी मांजर आणावं तशी.
"स्क्रू निघाले," म्हणाला, "पण ती निघत नाही."
शनिवारी मूसच्या शिकारीचा पहिला दिवस,
अख्खं कूह्मो त्या दिवशी केशरी टोप्या घालतं.

मी विचारलं नाही काय चुकलं.
इपॉक्सी स्वतःच सांगते:
लोखंडाला मेण सगळीकडे लावलं होतं,
फक्त मागच्या स्क्रूच्या भोकात नाही.
तिथे ती शिरली
आणि बसली ठाण मांडून.

रात्री डीप-फ्रीझमधून लिंगनबेरीचे तीन डबे काढले,
पाईक माशाशेजारी त्याच्या आजोबांची रायफल निजवली.
बायको म्हणाली, आइस्क्रीमला तेलाचा वास लागला
तर तिघांनाही बाहेर काढीन.

पहाटे लांब स्क्रू अर्धेच फिरवले.
त्याने दस्ता उलटा धरला, गुडघ्यांवर ब्लँकेट,
आणि मी लाकडी हातोडीने
एक इकडे, एक तिकडे,
आत कुणी झोपलेलं असताना
दार वाजवावं तसं.
सतराव्या की अठराव्या ठोक्याला: टक्.

लाकडाचा एक ढलपा सोबत आला.
आतली इपॉक्सी जाळीदार, बुडबुड्यांची,
आणि धक्का झेलणारा खुंट जिथे टेकतो
तिथे तर नुसती हवा.
तूरे खिडकीकडे बघत राहिला.

मग मी माझी रायफल उघडून त्याच्या हातात दिली.
दस्त्याच्या पोटात ओठाएवढं ठिगळ, रंग न जुळणारं.
"हे काय?"
"सत्त्याऐंशी साल."

बाकीचं सरळ आहे.
पोकळ ते कोरून काढायचं,
गुळगुळीत ते खरखरीत करायचं, स्पिरिटने पुसायचं,
ढलपा जिथला तिथे.
खुंटाला पुढून, खालून, दोन्ही बाजूंनी टेप.
मागून नाही.
मागे त्याला टेकायला काहीतरी लागतं.
आणि मेण. भोकातही. कापसाच्या काडीने.
हळू ढवळ, म्हटलं. अजून हळू.

शनिवारी जंगलात बार वाजले, लांब, दोनदा.
आम्ही वाटीत उरलेल्या इपॉक्सीत
नख रुतवून पाहत होतो.

रविवारी ती निघाली,
ओल्या बुटातून पाय निघावा तशी.
तळाच्या शिक्क्याचे आकडे
इपॉक्सीत उलटे उमटलेले.
तूरेने त्यावरून बोट फिरवलं.

"तुमची किती दिवस अडकली होती?"
"आठवडाभर," म्हणालो.
स्वयंपाकघरात वितळलेल्या लिंगनबेरींचा जॅम शिजत होता.

खरं तर अख्खा हिवाळा.
त्यातला बराचसा
कुणाला न सांगण्यात गेला.