मी येतो

पुण्याहून आलेल्या पाहुण्या बाईंनी
स्त्री-अभ्यासाच्या वर्गात एकेकीला नाव-गाव विचारलं,
मी उठून म्हटलं,
'मी अंबुजा. वडगावातनं येतो.'

बाई थांबल्या. चष्म्यावरनं बघितलं.
'येतो नाही गं. येते.'

कन्नड मुलींना कळेना काय चुकलं.
मलाही कळेना.
आमच्या गल्लीत आई म्हणते, मी आलो.
आत्ती म्हणते, मी जेवलो.
बाळंतीणसुद्धा म्हणते, मी जरा झोपतो.

हिरेमठ मॅडम मागच्या बाकावर बसलेल्या.
त्या उठल्या, खडू घेतला,
फळ्यावर लिहिलं: ना माडतीनि.
'मी करतो की मी करते?
सांगा, बाई बोलतीय की बाप्या?'
सांगता येईना.
'कन्नडातल्या तिला लिंग असतं, त्यालाही.
मीला नसतं,' मॅडम म्हणाल्या,
'ह्या पोरींनी मराठीत आणलंय ते तिथनंच, कुणास ठाऊक.'
पाहुण्या बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

मग गृहपाठ.
घरातल्या एका बाईचे चोवीस तास
अर्ध्या अर्ध्या तासानं लिहायचे. चार रकाने:
वेळ, काम, कुणासाठी, मजुरी.

भुतरामट्टीहून परतीच्या बसमध्ये मल्लव्वानं
सौंदत्तीला फोन लावून विचारलं,
अम्मा काय करते म्हणून लिहू?
पलीकडनं तिचा भाऊ:
'एनिल्ला, मन्याग इरताळ.'
काही नाही, घरी असते.
बोर्डावरच्या अक्षरांसाठी इथं डोकी फुटतात,
ह्या एका वाक्यावर मात्र
कधी कुणी मोर्चा काढलेला नाही.

रविवारी मी वही घेऊन आईच्या मागं मागं.
पाचला नळ. पावणेसहाला चरखा,
बाबांचा माग सुरू व्हायच्या आत बारा कांड्या.
आठला भाकरी, मधेच उठून तुटलेला दोरा.
बाबा साडी विणतात, शेठजी शनिवारी साड्या मोजतो,
वहीत बाबांचं नाव.
कांडी कुणी मोजत नाही.
मी मोजल्या. रात्री दहापर्यंत एकशे शहाण्णव.
तिच्या तर्जनीला धाग्यानं पाडलेली खाच आहे,
तिला कुठला रकाना, ते कळलं नाही.

'आई, तुझं काम काय म्हणून लिहू?'
'कसलं काम? मी घरातच असतो की.'

असतो.
क्रियापद एवढं ऐटीत,
आणि चौथा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

साडेदहाला लाईट गेली. माग थांबला,
आणि कानांना इतकं रिकामं वाटलं
की आम्ही दोघी जरा मोठ्यानंच बोलायला लागलो.
मोबाईलच्या उजेडात मी सगळं वाचून दाखवलं.
ती भिंतीला टेकून ऐकत होती,
शेजारणीबद्दल ऐकावं तशी.
'एवढं कोण केलं?'
'तू.'
'मी केलो?'
मग बराच वेळ काही नाही.
मग, 'सव्वासातचं चुकलंय बघ.
सव्वासातला मी कांड्या भरत नव्हतो.
तुझी वेणी घालत होतो. ते का लिहिलं नाहीस?'

मी वही पुन्हा चाळली.
तिसऱ्या रकान्यात बाबा होते, माग होता,
दादाचा डबा, आत्तीच्या गोळ्या,
दारात येणारी गायसुद्धा होती.
मी कुठंच नव्हतो.

खोडरबर सापडलं नाही. बोटानंच पुसलं, डाग पडला.
त्या डागावरच लिहिलं,
सव्वासात. वेणी. माझ्यासाठी.

सोमवारी पाय चपलेत घालत ओरडलो, 'येतो गं.'
माग सुरू झाला होता.
आतनं कांडीच्या घरघरीतनं आलं,
'ये.'