ढाळ

मा. अध्यक्षसाहेब, ग्राहक आयोग, सोलापूर.
अर्जदार अंबादास राजमल्लू येमूल, वय एकसष्ट,
राहणार नीलम नगर, पिठाच्या गिरणीवरून आत.
लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या,
घरी आम्ही तेलुगू बोलतो,
भांडायची वेळ आली की मराठी.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची.
चौतीस वर्षं टॉवेलच्या मागापुढं उभा होतो,
त्या पायांचे पैसे आहेत हे.
नऊ लाख चाळीस हजार, तीन हप्त्यांत. पावत्या जोडल्यात.
समोरची पार्टी सातलिंग दुलंगे,
शासनमान्य, परवानाधारक.
परवाना त्यांच्या ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये आहे,
देवाच्या फोटोच्याही वर.
मी तो वाचला होता. दोनदा. शिक्क्यासकट.
भिंत तेवढी वाचता आली नाही.

न्हाणीचा ढाळ उलटा.
पाणी जाळीकडं जायचं सोडून उंबऱ्याकडं येतं,
चपला न काढता सरळ आत शिरणाऱ्या पाहुण्यासारखं.
स्लॅबला तडे सात,
प्रत्येकाच्या टोकाला पेन्सिलीनं तारीख घातलीय,
म्हणजे चालतो किती ते कळावं.
पाहणीला इंजिनिअर आले. ते लेव्हल काढेपर्यंत
मी खिशातली रिकामी कांडी फरशीवर ठेवली.
ती गडगडत गेली, शेगडीखाली थांबली.
ते हसले.
लिहून घेतलं का, ठाऊक नाही.

साहेब, टॉवेलात एक तार सुटली
तर फोल्डिंगला नग उजेडावर धरायचे,
बोटभर फट दिसली की डाग माल, मजुरी कापली.
मी कधी म्हटलं नाही की सूतच तसं होतं.
कधी कधी सूतच तसं होतं.

मागच्या तारखेला त्यांचे वकील म्हणाले,
मालकानं स्लॅबला पाणी मारलं नाही, म्हणून तडे.
इथं मला खाली बसावं लागलं.
एप्रिल होता. पारा त्रेचाळीस.
नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री अडीचला.
भूदेवी हजार विड्या वळून उठायची
आणि शिडीनं घागर घागर वर न्यायची,
गोणपाटं भिजवायची, कडेकडेनं, हातानं,
वर कुणी तापानं फणफणलेलं झोपलंय तशी.
एकवीस दिवस स्लॅब रोज न्हाला.
आम्ही एकाआड एक.
हे कुठल्या रकान्यात लिहू?
'मानसिक त्रास' म्हणून एक आहे, तिथं आकडा मागतात.
मी पन्नास हजार लिहिले.
भूदेवीनं विचारलं, कशाचे?

साक्षीदाराचं नाव, पत्ता.
लालसाब गवंडी एका रात्री आला होता.
सायकल लांब लावून. दिवा नको म्हणाला.
"गिलाव्याला एकास आठ वाळू घातली, मालक.
सांगितलं तसं केलं. थापी माझी होती."
चहा घेतला नाही.
भिंतीवर तळवा टेकून उभा राहिला जरा वेळ,
तळव्याखालून वाळू सुटली,
ती मुठीत धरली आणि तशीच घेऊन गेला.
त्याला तीन पोरी आहेत.
दुलंग्यांच्या होटगी रोडच्या कामावर तो सोमवारपासून लागलाय.
तो रकाना कोरा आहे.
विसरलो नाही, साहेब. सोडलाय.

आता विनंती.
पैसे किती ते वकिलांनी वेगळ्या कागदावर मांडलंय, ते बघा.
माझं एवढंच म्हणणं,
दुलंग्यांनी एकदा घरी यावं.
न्हाणीत तांब्याभर पाणी ओतावं
आणि ते कुठं जातं ते बघत उभं राहावं,
पार शेगडीपर्यंत.
बोलायला नको काही.

नळाचा दिवस नसला तरी येऊ द्या.
एक तांब्या आम्ही राखून ठेवू.