सातवी लडी

टीव्हियटच्या काठी, हॉइक गावात, आमची रंगशाळा.
भिंतीवर ओळीनं बारा खिळे,
त्यांवर निळ्या लोकरीच्या लड्या.
पहिली, दुधात नीळ चुकून सांडावी तशी.
बारावी इतकी गडद
की गिऱ्हाईक उजेडात नेऊन विचारायचं,
काळीच ना ही?

आई लग्न होऊन आली तेव्हाच
सातवा खिळा रिकामा होता.
कसरीनं खाल्ली, म्हणाले आजोबा,
आणि विषय संपला.

आईचा मात्र संपला नाही.
सहावीवरून आठवीवर जाताना, म्हणायची,
डोळा अडखळतो,
अंधारात जिन्याची एक पायरी नसावी तसा.
आणि मला ती पायरी दिसते, मायझी.
न पाहिलेली कशी दिसेल?
ते मला नको विचारू.

पाद्री सांगायचे,
मूल जन्मतं ते मनावर काही अक्षरं कोरूनच.
आई त्यांना चहा द्यायची, वाद घालायची नाही.
दीड वर्षाची होते मी,
कळीच्या चुन्यात हात घातला.
मनगटावर जे कोरलं गेलं
ते आधी तिथं नव्हतं,
एवढं तिला ठाऊक होतं.

नीळ कुठून येते, विचारलं तर
जहाजातून.
त्याच्या आधी?
पाल्याची करतात म्हणे कुठंतरी उन्हात.
आम्ही पाहिलेली फक्त ढेकळं,
नखानं घासली की तांब्यासारखी चमकणारी.

पिंपातून लोकर निघते ती पिवळट हिरवी.
वारा लागतो
आणि बघता बघता निळी.
तीस वर्षं, दर वेळी.
तरी पहिली लडी वर काढताना
आई श्वास धरून उभी राहायची.
झालीच आहे की आजवर, मी म्हणायचे.
आजवर, ती म्हणायची.

एका रविवारी, चर्च चुकवून,
तिनं सातवी रंगवायला घेतली.
तीन लड्या फुकट गेल्या.
चौथी वाळली तेव्हा दिवेलागण झाली होती,
म्हणून रात्रभर थांबलो;
दिव्याखाली निळा रंग खोटं बोलतो.

सकाळी तिनं ती खिळ्याला लावली.
मी पहिलीपासून बारावीपर्यंत चालत गेले,
मग उलटी.
कुठंच ठेच लागली नाही.

हीच होती?

आईनं हात पुसले,
निळे होते ते निळेच राहिले.
इथं बसली, ती म्हणाली.
हीच होती का
ते कसरीला विचार.