गरम जॉब मोजू नये

एमआरआयच्या दाराशी फॉर्म भरणाऱ्या पोराने विचारलं,
“काका, लोखंडाचं काम केलंय कधी?
लेथ, ग्राइंडर? डोळ्यात कण-बिण?”
केलंय म्हणजे,
भांडुपला चौतीस वर्षं, टूलरूममध्ये.
उजव्या डोळ्यातला एक कण
कंपनीच्या डॉक्टरने काढला होता.
सगळा निघाला का, कोण सांगणार.
“मग तुम्ही बाहेरच थांबा.
आतला चुंबक तेवढासुद्धा सोडत नाही.”

हेमांगी एकटी आत गेली.
काचेतून तिचे तळपाय तेवढे दिसत होते,
डाव्या टाचेला भेग.
मग ठोके सुरू झाले,
आमच्या प्रेससारखे, पण ताल नसलेले.

डॉक्टर मिस्किटा बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.
गाठ सुपारीएवढी. तिच्याभोवती पांढरं,
भिंतीत ओल चढावी तसं.
“गाठीपेक्षा ही सूज छळतेय तिला.
मधली रेषा सरकलीय. सात मिलिमीटर.”
मी विचारलं, “प्लस-मायनस किती?”
तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.
“अर्धा,” म्हणाल्या.

दोन शतांश जास्त भरला म्हणून
मी जॉब भंगारात टाकलेत.
इथे सात,
आणि पोरगी चमच्याला म्हणते “ते, ढवळायचं”,
भावाला हाक मारते माझ्या नावाने.

मॅनिटॉलची बाटली लागली.
मेंदूतलं पाणी रक्तात ओढतं म्हणे,
मग लघवीवाटे बाहेर.
किती आत, किती बाहेर, सिस्टर लिहायची;
मीही लिहायचो, जुन्या लॉगबुकात.
एकदा तिच्या बेरजेत चाळीस मिली चुकले होते.
सहा-सहा तासांनी स्टेरॉइड.
चौथ्या दिवशी मी म्हटलं, आता परत मोजा.
“थांबा जरा.”

बरोबर होतं बाईंचं.
शिकाऊ पोरांना मीच सांगायचो:
गरम जॉब मोजू नये.
फुगलेला असतो, खोटं बोलतो.
निवू दे.
सांगायला काय जातं.

आठव्या दिवशी पुन्हा ते दार,
पुन्हा मी बाहेर,
असेल-नसेल त्या कणापायी.

साडेतीन.

गाठ आहे तिथेच आहे. ऑपरेशन गुरुवारी.
साडेतीन म्हणजे शून्य नव्हे,
हे मला कुणी शिकवू नये.

संध्याकाळी परळच्या त्या वॉर्डात ताट आलं.
तिने उचलून उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं.
“बाबा, हा चमचा नीट धुतलेला नाही.”

मी बेसिनपाशी गेलो.
चमचा धुतला. पुसला.
मागे कुणीतरी खाकरलं, तरी पुसत होतो.