सात लेंड्या

बारकी वरठा आरेतून दोन बस बदलून परळला पोचली
तेव्हा माझा डबा उघडायचा होता.
तिच्या ओच्यात बिस्किटाच्या पुड्याचा कागद,
कागदात सात लेंड्या,
मोजून आणलेल्या,
जणू कुणी हिशेब मागेल.

"बकरी खाते, पण अंगाला लागत नाय.
हनुवटीखाली पाणी भरलंय.
डोळ्याची पापणी उलटून बघितली, आतून नुसती पांढरी."
म्हटलं, पापणी उलटायला कुणी शिकवलं?
"पयल्या बकरीनं. ती मेली."

सहा लेंड्या मी मिठाच्या पाण्यात चेचल्या,
गाळल्या, नळी काठोकाठ भरली
आणि वर काच ठेवली.
अंडी हलकी असतात, वर येतात, काचेला लागतात.
वीस मिनिटं थांबायचं.
चौतीस वर्षं झाली मला
ही वीस मिनिटं थांबून.

तेवढ्यात ती कपाटाशी गेली.
बाटल्यांवरची अक्षरं माझी,
शाई चहासारखी झालेली:
भटका कुत्रा, लालबाग.
व्हिक्टोरियाचा घोडा, नळबाजार.
रेडकू, गोरेगावचा तबेला, वय एक महिना.
"एवढुशा जिवाच्या पोटात एवढे?"
चिकातून जातात, मी म्हटलं.
म्हशीच्या अंगात गप पडून असतात,
ती व्याली की दुधाच्या वाटेनं निघतात.
"म्हणजे आईनंच दिलं."
आईला कुठं ठाऊक.
ती बराच वेळ बाटलीकडे बघत राहिली.
"मग दूध तोडायचं?"
नाही गं. दूध पाजायचं. आणि औषधही पाजायचं.

शेवटची बाटली खालच्या फळीवर:
बिबट्या, मादी, रस्त्यावर गाडीखाली.
आत सुतळीच्या सुटलेल्या पिळासारखे ते.
"ही आमच्याकडची," बारकी म्हणाली,
शेजारणीबद्दल बोलावं तसं.
"आमची काळी कुत्री हिनंच नेली."
आता यातलं कुत्रीकडून काय आलं
आणि बिबटीचं स्वतःचं किती,
ते बाटलीला विचारता येत नाही.

वीस मिनिटं झाली.
एक डोळा तळहातानं झाकून ती नळकांड्यात वाकली.
"जांभळाच्या बिया."
तशीच दिसतात.
"किती?"
मी मोजणं मध्येच सोडलं होतं.

सांगितलं: दव वाळेपर्यंत बकरी सोडू नकोस.
दव असतं तोवर पिल्लं गवताच्या पात्यावर चढून बसतात.
आणि रोज एकाच जागी चारू नकोस.
ती हसली. माझ्या चौतीस वर्षांना हसली असेल.
"बाई, टेकडीला पत्रे लागलेत.
पत्र्याच्या अलीकडं आमच्या अंगणाएवढं गवत राह्यलंय.
साऱ्या पाड्याच्या बकऱ्या तिथंच जातात,
तिथंच लेंड्या टाकतात."
मी औषधाची चिठ्ठी लिहिली.
वजनाप्रमाणे किती मिली, तेही लिहिलं.
पत्र्यांवर औषध नव्हतं माझ्याकडे,
म्हणून अक्षर जरा मोठं काढलं.

जाताना तिनं बिस्किटाचा कागद परत मागितला,
झटकला, घडी घातली, कमरेला खोचला.
मी हात दोनदा धुतले.
डब्यातली वालाची उसळ गार झाली होती.

उरलेली सातवी लेंडी
ओल्या कापसावर झाकून ठेवली होती मी.
आठव्या दिवशी झाकण उचललं,
भिंगाखाली धरलं,
तर काचेच्या भिंतीवर, वाफेच्या थेंबाथेंबात,
ते चढून आले होते.
केसाहून बारीक. डोकं वर करून
इकडे तिकडे डुलत.

कुणी त्यांना सांगितलं नव्हतं
की हे गवत नाही.