त्रेचाळिसावा बार

उद्यमनगरात रात्री साडेनऊनंतर प्रेस बंद होतात,
कानात चालूच राहतात.
शटर अर्धं ओढून मी लेथच्या बेडवर लॅपटॉप ठेवतो,
खाली कॉटन वेस्टची गादी,
आणि गाणं साठ टक्के वेगानं लावतो.

साठ टक्क्यांत गायक गाळात रुतलेल्या म्हशीसारखा हंबरतो.
त्याच्याशी मला काम नाही.
स्नेअरखाली दडलेले बारीक ठोके
एकेक करून उभे राहतात,
चुंबक फिरवल्यावर लोखंडाचा कीस राहतो तसे.

डिलिव्हरी चलनाच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितो:
किक, दोन दोन तीन, दोन दोन तीन.
वर झांज निवांत, चारात,
जणू तिला कुणी सांगितलंच नाही.
खाली सात, वर आठ,
छप्पन्न मात्रा झाल्या की भेट.
तोवर एकाच घरात राहून
दोघं वेगवेगळ्या वेळी जेवतात.

पुढं सतरा आले. चार चार चार पाच.
दोन रात्री गेल्या, पण बसले.

त्रेचाळिसाव्या बारला मात्र पंधरा येतात.
कधी साडेचौदा.
तीन आठवडे.
एक अंदाज लाल पेननं लिहिला, दुसरा हिरव्यानं,
तिसऱ्यापर्यंत पेनं संपली.

शेजारचा विष्णू आवळे वेल्डिंगचे रॉड मागायला आला.
कुस्त्यांच्या मैदानात हलगी असते त्याची,
एरवी चष्मा कपाळावर आणि शिव्या ओठांवर.
उंबऱ्यातच थांबला.
"वेग कशाला कमी केलायस?
मेलेल्याची नाडी बघतोस व्हय?"

शंभरावर लावलं.
उभ्यानंच ऐकलं त्यानं, मान तिरकी करून.
"परत."
परत.
"चुकलाय त्यो."
कोण?
"वाजवणारा. एक टिपरू खाली आलंच न्हाई.
बाकीच्यांनी सावरून घेतलंय."
तात्या, असली माणसं चुकत नाहीत.
कानात क्लिक लावून वाजवतात.
"मग क्लिक चुकली आसंल,"
म्हणाला, आणि सहा रॉड घेऊन गेला.
परत देणार नाही, हेही नेहमीचंच.

मग मी एकटा बेसच ऐकला.
खरंच.
ठोका हुकतो, बेस अर्धी मात्रा हवेत राहतो
आणि ड्रमरच्या चुकीवर जाऊन बसतो.
गिटार त्याच्या मागोमाग.
चव्वेचाळीसला सगळे एकत्र,
जसं काही झालंच नाही.

शाहूपुरीतल्या त्या हॉलमध्ये माझा एक ठोका गेला होता.
नवाच्या आवर्तनात आठवा.
सरफराज बेसवर होता, जागचा हलला नाही.
सात मिनिटं आम्ही वाजवलं,
एकमेकांपासून एका मात्रेवर.
लोकांनी टाळ्या दिल्या. लोकांना काय.
चूक माझी होती.
बरोबर तो होता, आणि बरोबरच राहिला.
गाडीत वायरी गुंडाळताना कुणी काही बोललं नाही.
त्यानं बेस विकला, मी ड्रमचे हेड काढून
डब्यांना झाकणं केली.
आता गोकुळ शिरगावला त्याचं पंपांच्या पार्टचं दुकान आहे.
बुश माझ्याकडूनच नेतो. व्यवहार चोख.

रात्री त्रेचाळीसपुढचा पंधरा खोडला,
तिथं काहीच लिहिलं नाही.

सकाळी पोऱ्यानं टेबलावरचं भरलेलं चलन उचललं,
चाळीस बुश, मुल्ला पंप्स, गोकुळ शिरगाव,
आणि टेम्पो गेला.
मागची बाजू लक्षात आली तेव्हा
तो कावळा नाक्याच्या पुढं होता.

दुपारी चलनाची प्रत परत आली.
माल मिळाला. सही, शिक्का.
मागं काही लिहिलेलं नव्हतं.
फक्त सतराच्या ओळीखाली
तेलकट बोट टेकत गेल्याचे डाग होते,
थोडे दाट, थोडे पुसट,
त्रेचाळीसच्या मोकळ्या जागेपर्यंत.

अजून मोजलेले नाहीत.