उरलेला पारा

वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला
आणि विचारलं, "ही चांदी किती जुनी हो?"
मी आ वासलेला. बोटांनी दाखवलं, अडतीस.
"राहू दे. बसलीय ती गुपचूप बसलीय,
उकरायला गेलं की वाफ होते."

मेहुण्याने मोबाईलवर काय काय पाठवलेलं:
विसरभोळेपणा, थरथर, दाढेतलं विष.
महिनाभर मी डावी बाजू बंदच ठेवली होती.

नौपाड्यातला दवाखाना, पिठाच्या गिरणीच्या वर.
गिरणी चालू झाली की खुर्ची हलायची.
खिडकीपाशी कुंदा घरत.
काचेच्या खलात रुप्याचा भुगा, त्यावर पारा,
घोटायची, घोटायची,
गोळा झाला की तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायची
आणि फडक्यात पिळायची.
टपकन एक थेंब. फरशीवर शंभर.
नऊ वर्षांचा मी, ठणका विसरून
त्यांच्यामागे रांगायला तयार.
ती पोस्टकार्डाने सगळे हाकत आणायची,
एकात एक, परत एक.
"बघ," म्हणायची, "आमच्या भावकीपेक्षा शहाणा आहे."

परवा घणसोलीला तिच्याकडे गेलो.
नेमकं काय विचारायचं, ते ठरलं नव्हतं.
चहा आणताना कपाखाली बशी वाजत होती.
"वय," ती म्हणाली.
"बीपीची गोळी," मुलगा म्हणाला.
बावीस वर्षं. दिवसाला दहा-बारा दाढा.
हातमोजे?
"डॉक्टरांना होते की."

माझ्या दाढेत तुरीच्या डाळीएवढा पारा,
त्यावर दोन मतं आहेत, तज्ज्ञ आहेत,
मेहुणा आहे.
तिच्या तळहातावर कुणाचंच मत नाही.
माझंही नव्हतं, परवापर्यंत.

निघताना तिने अंगठी दाखवली, लग्नातली,
एका कडेला पांढरी पडलेली.
पारा सोन्याला धरतो; कामाच्या पहिल्या आठवड्यात
काढून ठेवायची राहिली होती.
सोनार म्हणाला होता, तापवून देतो, डाग जाईल.
"नाही दिली," ती म्हणाली.
"तिथे होते, याचा दुसरा कागद कुठाय माझ्याकडे?"

खाली नाक्यावर दहाचे चणे घेतले.
रिक्षा येईपर्यंत
डावीकडूनच चावत उभा राहिलो.